एका पैची चूक आणि पाच तारे

॥ श्रीसद्गुरवे नमः ॥

काशी येथील कार्तिक साधना शिबिरात ब्रह्माघाटावर झालेल्या सायंसत्संगातील निरूपण, थोडे संपादित करून.



आपण जिथे बसलो आहोत तो ब्रह्माघाट. गंगेकडे तोंड केले की उजव्या हाताला दुर्गाघाट, त्याला लागून पंचगंगा, आणि वर बिंदुमाधव. आज सकाळी तुमच्यापैकी बरेच जण मागच्या गल्ल्यांतून हिंडून आलात आणि म्हणालात, काका, इथे तर आपलीच माणसे आहेत! आहेतच. पेशवे ज्यांना गुरुस्थानी मानत ते नारायण दीक्षित कायगावकर अठराव्या शतकात इथे येऊन राहिले, आणि त्यांच्या पुढाकाराने या बाजूला पक्के घाट झाले, घरे झाली. त्यांच्यामागून वैदिक आले, भिक्षुक आले, कारकून आणि कारभारी आले. आंग्रे वाड्यात आजही गणपती बसतो. गौड सारस्वतांच्या काशी मठाचे मूळ स्थानही याच घाटावर आहे. काशीला आपला माणूस देह ठेवायला येतो अशी आपली एक समजूत असते. तो इथे कामालाही येत होता, संसार करत होता, आणि आपल्या धन्याविषयी घरी जाऊन चार शब्द बरेवाईट बोलतही असणार.

हे आज का सांगतो, तर दुपारी एक गोष्ट घडली.

प्रसाद झाल्यावर आपल्या युवा गटातले सहा-सात जण या पायऱ्यांवर बसले होते. युवा म्हणजे तसे तिशी-चाळिशीतले, १९८१ ते १९९६ या वर्षांत जन्मलेले, ज्यांना हल्ली मिलेनियल म्हणतात. कोणी पुण्याचे, कोणी ठाण्याचे, दोघे बंगळूरला नोकरी करणारे. एकाच्या हातात मोबाइल होता. मला वाटले, नावांचे फोटो काढतोय. जवळ जाऊन पाहिले तर तो आपल्या कंपनीला तारे देत होता.

ज्येष्ठ साधकांसाठी सांगतो. ग्लासडोअर, ॲम्बिशनबॉक्स अशा ठिकाणी नोकरदार माणूस नाव न सांगता आपल्या कंपनीविषयी लिहू शकतो आणि पाचपैकी तारे देऊ शकतो. तेही ढोबळ नव्हे. पगार, बढती, नोकरीची शाश्वती, काम आणि घर यांचा तोल, नवे शिकायला मिळणे, कंपनीची संस्कृती, आणि कामातले समाधान, अशा प्रत्येक रकान्याला वेगळे तारे. पूर्वी मुलीला स्थळ बघताना आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करायचो, तशी आजची मुले रुजू होण्याआधी कंपनीची चौकशी इथे करतात.

या साधकाने सहा रकाने भरले होते. पगाराला चार. शाश्वतीला चार. संस्कृतीला दोन, कारण रात्री दहाला मीटिंग लावतात आणि तिथे जे ठरते ते सकाळी कुणाला आठवत नाही. सातव्या रकान्यावर मात्र त्याचे बोट थांबले होते. तो मला म्हणाला, "काका, अकरा वर्षं झाली मला साधनेत येऊन. रोज जप आहे, रविवारचं केंद्र चुकवत नाही. आता कामातल्या समाधानाला मी एक तारा दिला, तर तो कंपनीला दिला की माझ्या साधनेला?"

मी गप्प झालो. संध्याकाळी बोलू, म्हणालो. चाळीस वर्षे सत्संगात बसून एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. डेलॉइट ही संस्था दरवर्षी अनेक देशांतल्या तरुण नोकरदारांची पाहणी करते. २०२५ च्या पाहणीत या वयाच्या लोकांपैकी शंभरात ९२ जणांनी सांगितले की आपल्या कामाला काही अर्थ असणे नोकरीतल्या समाधानासाठी महत्त्वाचे आहे. गॅलप नावाची दुसरी संस्था जगभर विचारते की तुम्ही किती मन लावून काम करता. २०२४ मध्ये मनापासून कामात असलेले शंभरात २१ निघाले. आदल्या वर्षी २३ होते. आणि यातली मोठी घसरण हाताखालच्या माणसांची नव्हे, साहेबांची होती, ३० वरून २७ वर. म्हणजे ज्याच्याकडे बघून बाकीच्यांनी उभे राहायचे तोच आतून बसलेला आहे.

आमच्या वयाची मंडळी हे ऐकून म्हणतात, ही पिढी नाजूक आहे, आम्ही एका खुर्चीवर ३५ वर्षे काढली. काढली, खरे आहे. पण त्यातली किती वर्षे समाधानात गेली आणि किती घराच्या हप्त्यांसाठी, हे आम्हाला कुणी विचारले नाही, आम्हीही स्वतःला विचारले नाही. तारे द्यायची सोय आमच्या वेळी असती तर कितीतरी कार्यालयांची अब्रू गेली असती. तेव्हा मुलांना नाजूक म्हणण्याची घाई नको.

आता त्या पंचगंगेकडे बघा. परंपरा सांगते की नाथमहाराजांनी भागवतावरच्या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणला लिहिले आणि पुढचे सगळे इथे, या परिसरात. कार्तिक पौर्णिमेला, शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, ग्रंथ पुरा झाला. एकतीस अध्याय, अठरा हजारांहून अधिक ओव्या. महाराजांचा जन्म १५३३ चा धरला तर तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. आपल्या या युवा गटाच्याच वयाचे! आणि त्यांच्या कामाला पहिली दाद काय मिळाली? त्या पाच अध्यायांची नक्कल कुणा यात्रेकरूबरोबर काशीला पोचली, आणि इथले पंडित रागावले. संस्कृतातले भागवत प्राकृतात आणणारा हा कोण? त्यांना बोलावून घेतले, परीक्षा घेतली. पुढे त्याच काशीने ग्रंथाची मिरवणूक काढली असे सांगतात. आधी एक तारा, मग पाच. लिहिणारा मधल्या काळात लिहीत राहिला.

पण मला आज काशीतले नाथ सांगायचे नाहीत. त्याआधीचे, नोकरीतले नाथ सांगायचे आहेत.

लहान वयात ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे आले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी, मोठा कारभार. त्यांनी या मुलाला पूजेची तयारी करायला लावली, घरातली कामे सांगितली, आणि मग हिशेबाच्या वह्या दिल्या. म्हणजे आजच्या भाषेत अकाउंट्स विभाग. एके रात्री जमाखर्च जुळेना. फरक फक्त एका पैचा. सगळे झोपले. नाथ समईपाशी बसून पाने उलटत राहिले. मध्यरात्र उलटून गेल्यावर कधीतरी ती चूक सापडली, आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागेच होते, बघत होते. ते म्हणाले, एका पैची चूक सापडली तर तुला एवढा आनंद झाला. संसारात जी मूळ चूक झाली आहे ती सापडेल तेव्हा किती होईल?

ही कथा तुम्ही शेकडो वेळा ऐकली असेल. मीही शेकडो वेळा सांगितली आहे, आणि दर वेळी त्या शेवटच्या वाक्यावर थांबलो आहे. मागे एका शिबिरात एक मुलगी मध्येच म्हणाली, "काका, पण हा ओव्हरटाइमच झाला ना? तोही विनामोबदला." सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा वाटले, तिने कथेत बरोबर बोट ठेवले आहे. आजच्या मुलांना ही कथा नुसती सांगितली तर त्यांच्या कानाला ती साहेबांच्या सोयीची वाटणार. रात्रभर बस, पैसे मागू नकोस, आणि वर टाळी वाजव.

म्हणून दोन गोष्टी नीट बघू.

पहिली. नाथांना त्या रात्री बसायला कुणी सांगितले नव्हते. सकाळपर्यंत हिशेब टेबलावर हवा असा निरोप आला नव्हता. चूक त्यांना खुपत होती म्हणून ते बसले. ज्याने सुताराचे काम केले आहे, स्वयंपाक केला आहे, प्रोग्राम लिहिला आहे, त्याला हे खुपणे ओळखीचे असते. भाजीत काहीतरी कमी आहे आणि काय ते कळत नाही, अशा वेळी बाई गॅसपाशी उभी राहते. तिला कुणी धाक घातलेला नसतो. रात्री दहाची मीटिंग आणि ही रात्र यांत तासांचा फरक नसेलही, पण माणूस आतून उजळतो की विझतो हा फरक आहे.

दुसरी गोष्ट माझ्या नजरेतून कित्येक वर्षे सुटली होती. स्वामी जागे होते. एवढ्या मोठ्या किल्ल्याचा अधिकारी, आणि आपला एक कारकून रात्री का जागतो आहे हे त्याला माहीत होते. त्याने टाळी ऐकली. शाबास म्हणून पुढची वही सरकवली नाही. या मुलाला हिशेबापेक्षा मोठे काहीतरी शोधता येईल हे त्याने त्या टाळीत ऐकले. आणखी एक कथा आहे. स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू आला, तेव्हा त्यांचे ध्यान मोडू नये म्हणून नाथांनी त्यांची शस्त्रे चढवली आणि लढाईला उभे राहिले. असा जीव लावणारा माणूस पगाराने मिळत नाही. आधी कुणीतरी त्याच्यासाठी जागलेले असावे लागते.

आता मला माझे सांगायचे आहे. हे सांगायचे की नाही, याचा दुपारपासून विचार करत होतो.

निवृत्तीच्या आधी मी एका कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागेवर होतो. तीस-पस्तीस माणसे माझ्या हाताखाली. खोलीत सद्गुरूंचे चित्र होते, टेबलावर गीता होती, आणि मला त्याचा अभिमान होता. माझ्या गटात एक मुलगी होती, बत्तिशीची, कामाला अतिशय चोख. दोन वर्षे तिची बढती हुकली होती, आणि त्यात काही दोष माझाही होता, कारण मी तिच्यासाठी वर भांडलो नाही. एक दिवस ती आली. आईचे ऑपरेशन होते, चार दिवसांची रजा हवी होती. त्याच आठवड्यात काम ग्राहकाकडे पोचवायचे होते. बोलता बोलता बढतीचाही विषय निघाला. आणि मी, हसतमुखाने, तिला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक ऐकवला. अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. वर म्हणालो, "तू तर सत्संगाला येणाऱ्या घरातली आहेस, तुला सांगायला नको."

ती काही बोलली नाही. "बरं सर," म्हणाली आणि दोन दिवसांची रजा घेतली. तीन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. मी निरोपाचे चार शब्दही छान बोललो.

पुढे केव्हातरी आमच्या कंपनीविषयी लोकांनी काय लिहिले आहे ते मी वाचत होतो. एका ठिकाणी दोन तारे, आणि खाली तीन वाक्ये. काम शिकायला मिळते. पगार वेळेवर होतो. साहेब धार्मिक आहेत, रजा मागू नका.

नाव नव्हते. मला नाव लागले नाही.

त्या रात्री मी गीता उघडली आणि एक साधा प्रश्न स्वतःला विचारला. हा श्लोक बोलतो कोण? दुर्योधन बोलत नाही. ज्याला अर्जुनाच्या लढण्यातून राज्य मिळायचे आहे तो युधिष्ठिरही बोलत नाही. बोलतो तो, ज्याने स्वतःसाठी काहीच मागितलेले नाही आणि ज्याच्या हातात घोड्यांचे लगाम आहेत. फळाची आस सोड, हे सांगण्याचा अधिकार त्याला आहे, कारण अर्जुनाच्या फळातला वाटा त्याला नको आहे. माझे तसे नव्हते. ते काम वेळेवर गेले तर माझी वर्षअखेरची पत्रिका चांगली होणार होती. मी तिला फळ सोडायला सांगत होतो आणि तिचे फळ माझ्या ताटात येत होते.

आणि तोच श्रीकृष्ण पुढे काय करतो ते बघा. द्रोणपर्वात जयद्रथवधाचा दिवस आहे. सूर्यास्ताच्या आत जयद्रथ मारायचा, नाहीतर अर्जुन अग्नीत प्रवेश करणार. याहून कठोर डेडलाइन मला तरी ठाऊक नाही. समोर सगळी कौरवसेना, मधे कोसांचे अंतर, सूर्य पुढे सरकतो आहे. अशा वेळी अर्जुन म्हणतो, घोडे थकले आहेत. रणांगणाच्या मध्यावर रथ थांबतो. अर्जुन बाणांनी भूमी भेदून पाणी काढतो. श्रीकृष्ण घोडे सोडतात, त्यांच्या अंगातले बाण उपसतात, त्यांना पाणी पाजतात, चोळतात, लोळू देतात, मग पुन्हा जोडतात. अर्जुन तोवर पायउतार होऊन सैन्य रोखून धरतो. जगाला कर्मयोग सांगणारा त्या दिवशी असा वागला, घोड्यांशी. माझ्यासमोर तर माणूस होता, आणि त्याची आई दवाखान्यात होती.

तेव्हा इथे जे कोणी दुकानाचे मालक असाल, शाळेचे मुख्याध्यापक असाल, कुठे टीम सांभाळत असाल, त्यांच्या पायाशी बसून सांगतो: तो श्लोक हाताखालच्या माणसाला ऐकवू नका. तो स्वतःला ऐकवायचा असतो.

यातूनच त्या साधकाच्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटतो. कंपनीला कमी तारे देणे हे साधनेच्या आड येते का? आपल्या संप्रदायात अनेकांना वाटते की येते. कुरकुर करू नये, आहे त्यात समाधान मानावे. पण वेदना खरी असताना ती सांगणे वेगळे, आणि कुरकुर वेगळी. महाराष्ट्रात याचे एक मोठे उदाहरण आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्या मागणीपत्रावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. मागण्या काय? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेच्या आत. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी. यात आगाऊपणा कुठे आहे सांगा. ते आपल्या कामाच्या जागेला त्यांनी दिलेले तारेच होते. सहा वर्षांनी, १० जून १८९० ला, गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांनी पुढे केले होते असे सांगतात. आणि देवगिरीची परंपरा सांगते की जनार्दनस्वामींमुळे तिथे गुरुवारी कामकाज बंद असे. आपले रविवारचे केंद्र भरते ते ५,५०० जणांनी तक्रार केली म्हणून. नसती केली तर आज मी कुणासमोर बोललो असतो?

म्हणून, दोन तारे द्यावेसे वाटत असतील तर दोन द्या. फक्त खरे द्या. पगारवाढीचे पत्र आले त्या संध्याकाळी देऊ नका, साहेबांनी टाकून बोलले त्या संध्याकाळीही देऊ नका. चार दिवस जाऊ द्या. जे चांगले आहे तेही लिहा. त्या मुलीने लिहिले होते, काम शिकायला मिळते. आणि अपमान होत असेल, छळ होत असेल, प्रकृती ढासळत असेल, तर तारे देत बसू नका. वर लेखी सांगा, घरच्यांना सांगा, आणि सोडावी लागली तर नोकरी सोडा. नोकरी सोडल्याने साधना भंग पावत नाही.

राहिला प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, तो सातवा रकाना. समजा, सगळे सुधारले. मीटिंग सहाला संपू लागली, साहेब देवमाणूस आला. तरी तो रकाना पाच ताऱ्यांनी भरेल का? अनुभव असा आहे की पुष्कळांचा भरत नाही. याचे उत्तर नाथमहाराजांनी इथे लिहिलेल्या अध्यायांत आहे, सातव्या ते नवव्यात, जिथे अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. त्यांतले तीन मी नोकरदारांचे गुरू मानतो.

एक, पिंगला. विदेहनगरातली गणिका. नटूनथटून दारात उभी राहते. हा येईल, तो देईल. एक जण पुढे गेला, दुसरा येईल. आत जाते, बाहेर येते. अर्धी रात्र अशी जाते. मग तिला एकदम कळते की मी कुणाची वाट बघते आहे! आस सुटते आणि ती शांत झोपते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या कार्यालयात जाऊन उभे राहा, पिंगलेचे दार दिसेल. मेल आली का? त्याला किती मिळाले? दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडायचा. वाढ मागू नये असे अवधूत म्हणत नाही. मागावी, नीट मागावी, कागदावर मागावी. पण मागून झाल्यावरही दारात उभे राहणे चालू असते, तिथे झोप जाते.

दुसरी, ती कुमारी. घरात कोणी नाही आणि तिला बघायला पाहुणे आले. तांदूळ हवेत म्हणून ती साळी कांडायला बसली, तर हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरात कांडपाला दुसरे कोणी नाही, हे पाहुण्यांना कळेल म्हणून ती लाजली. एकेक बांगडी उतरवत गेली. दोन राहिल्या, त्याही वाजल्या. एक राहिली तेव्हा आवाज थांबला. यावर नेहमी एकांताचे निरूपण होते आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक दिसते. तिने कांडणे थांबवले नाही. आवाज कमी केला. आपल्या दिवसातल्या बांगड्या मोजा. तीन व्हॉट्सॲप गट, जेवणाच्या सुट्टीतली निंदा, शेजारच्या टेबलावरच्याचा पगार, लिंक्डइनवर कुणाला काय मिळाले. कामाने जेवढे थकत नाही तेवढे या आवाजाने थकतो, आणि संध्याकाळी नाव मात्र कामाचे घेतो.

तिसरा बाण करणारा कारागीर. तो बाण सरळ करत बसला होता. राजाची स्वारी वाजतगाजत समोरून गेली. नंतर कुणी विचारले, राजा कुठल्या बाजूने गेला? त्याला माहीतच नव्हते. भागवत त्याला एकाग्रतेचा गुरू म्हणते. त्याचे दुकान रस्त्यावर होते, धूळ असेल, गोंगाट होता. त्याच्या दुकानाच्या संस्कृतीला तुम्ही कदाचित दोनच तारे दिले असते. पण त्या तेवढ्या वेळात त्याच्याकडे जे होते ते राजाकडे नव्हते.

आता त्या साधकाला मी विचारतो, इथे सगळ्यांसमोर. तू एवढी वर्षे काम करतो आहेस. असा बाण तुझ्या हातात शेवटचा कधी होता? (तो म्हणाला, "परवा, काका. गाडीत. एक जुना घोळ सुटत नव्हता, तो मुगलसरायच्या आधी सुटला." सगळे हसले.) बघा! रजेवर असताना, रेल्वेत, कुणी सांगितलेले नसताना. टाळी वाजवलीस का? ("मनात वाजवली.") मग ती टाळी कुठल्या रकान्यात धरायची? कंपनीने ती दिली नाही आणि कंपनीला ती काढूनही घेता येणार नाही. तुझ्या अकरा वर्षांच्या जपाचे तिच्याशी काही नाते आहे की नाही, ते तू शोध. मी सांगितले तर ते माझे होईल.

मात्र अशी टाळी वर्षानुवर्षे वाजलीच नसेल, तर तो रकाना जे सांगतो आहे ते ऐका. कदाचित काम तुमचे नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात आपल्या कर्मात रमण्याविषयी सांगितले आहे. दुसऱ्याच्या कर्मात रमून दाखवा असे कुठे म्हटलेले नाही. चाळिशीत वाट बदलता येते. हप्ते आहेत, मुलांच्या फिया आहेत, हे मला कळते. वर्षभर तयारी करून बदला. पण हप्त्यांमुळे राहिलो आहोत आणि त्याला वैराग्य म्हणतो आहोत, असे होऊ देऊ नका. ती हिशेबातली चूक आहे, आणि एका पैपेक्षा मोठी.

मघाशी त्या मुलीविषयी सांगितले ते अर्धे राहिले. गेल्या वर्षी मी धीर करून तिचा नंबर मिळवला आणि फोन केला. क्षमा मागितली. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, आई बरी आहे. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे होते, दुसऱ्या दिवशी नव्हते, एवढंच." मला पुढे बोलवेना. तीच म्हणाली, "आता माझ्याकडे बारा जणांची टीम आहे. मागच्या महिन्यात एक मुलगा रजा मागायला आला, रिलीजच्या आठवड्यात. तेव्हा तुमची आठवण आली." मी विचारले, "दिलीस?" म्हणाली, "दिली. त्याचं काम मी बसून केलं. फार चिडले होते तुमच्यावर त्या रात्री."

पंचगंगेवर आकाशदिवे चढू लागले आहेत, बघा, त्या बांबूंच्या टोकाला. दोरी ओढणारा माणूस कळकट सदऱ्यातला आहे, खालीच उभा आहे, वरच्या दिव्याकडे बघतो आहे. आरतीची घंटा झाली. ज्यांना पायऱ्या चढायला त्रास होतो त्यांना आधी वाट द्या.